मातांचा कैवारी सेमेलवाइस

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालय एकोणिसाव्या शतकात सर्व युरोपखंडात नावाजलेले होते. तेथे गोरगरीब स्त्रियांच्या बाळंतपणाची विनामूल्य सोय असे. या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत. दुसऱ्यात सुईणींचे शिक्षण चाले. नव्याने येणाऱ्या स्त्रियांना एक दिवस या विभागात, तर दुसऱ्या दिवशी त्या विभागात, अशा पाळीने घेत. आज पहिल्या विभागाची पाळी आहे असे कळताच कित्येक स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून दुसऱ्या विभागात पाठविण्याची विनवणी करीत. पहिल्या विभागात गेलेली बाई परत येईलच असे नाही, ही गोष्ट सर्वतोमुखी झाली होती.

या पहिल्या विभागात इ. स. १८४६ च्या जुलै महिन्यात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण डॉक्टर साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या शहरी झाला. वडील किराणा मालाचे सधन व्यापारी होते. कायद्याच्या अभ्यासासाठी तो व्हिएन्नास आला. परंतु त्याचे मन वैद्यकाकडे ओढले गेले आणि १८४४ साली तो डॉक्टर झाला.

त्या काळी सूतिकाज्वर हा बाळंतिणींचा काळ होता. बाळंतपण सुखरूप पार पडावे, घरच्यांनी निःश्वास टाकावा, आणि लगोलग बाळंतिणीला हुडहुडी भरून ताप चढावा. पाहता पाहता माता दगावे. कित्येकदा तान्हे बालकही त्याच रोगाने तिच्यामागून जाई. हवेतील काही दोषाने हा ताप येतो, असे मोठमोठे वैद्य सांगत.

रुग्णालयात जन्ममृत्यूंची नोंद फार काटेकोरपणे ठेवीत. त्या वह्या सर्वांच्या समोर होत्या, पण त्यांतील आकड्यांना प्रश्न विचारावेत असे फारसे कोणास सुचले नव्हते. सेमेलवाइसने ते विचारले. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली व १,९८९ माता मृत्यू पावल्या. दुसऱ्यात १७,७९१ बाळंतपणांत ६९१. म्हणजे एकीकडे शेकडा सुमारे दहा, तर दुसरीकडे शेकडा चारहूनही कमी! दोन्ही विभाग एकाच आवारात, एकाच हवेत. मग हवेचा दोष एकाच दाराने आत कसा शिरावा? गर्दीमुळे रोग होतो म्हणावे, तर अधिक गर्दी दुसऱ्याच विभागात होती. शिवाय रुग्णालयाच्या वाटेवरच ज्या स्त्रिया प्रसूत होत, त्या पहिल्या विभागात येऊनही बहुधा वाचत.

त्याने एकेक कारण तपासून बाजूला सारले. मरणोन्मुख स्त्रीला अंतिम विधी देण्यासाठी धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जाई. त्या नादाने इतर स्त्रिया घाबरत असतील, म्हणून त्याने ती घंटा बंद करविली. काहीच फरक पडला नाही.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस प्रवासाहून परतला, तो त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का मरण पावला असल्याची वार्ता त्याच्या कानी आली. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी कोलेच्काच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइसने दुःख गिळून त्याच्या शवपरीक्षेचा वृत्तांत वाचला. सारी लक्षणे त्या अभागी मातांचीच होती! तेव्हा कोडे उलगडले. डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून थेट बाळंतिणींना तपासावयास येत. साबणाने धुतल्यावरही त्यांच्या हातांना शवाचा वास येत राही. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. रोग नेणारे हात डॉक्टरांचेच होते, आणि त्यांत त्याचे स्वतःचे हातही होते. हे सत्य त्याला किती जड गेले असेल!

मे १८४७ च्या मध्यास त्याने नियम केला, की क्लोरिनच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणीही रुग्णास स्पर्श करू नये. एप्रिलमध्ये शेकडा अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. मात्र ऑक्टोबरात एकाच रांगेतील बारा स्त्रियांपैकी अकरा मरण पावल्या. पहिल्या खाटेवर कर्करोगाची व्रण वाहणारी रुग्ण होती. तिला तपासून तेच हात पुढे फिरले होते. तेव्हापासून प्रत्येक रुग्णानंतर हात धुणे आवश्यक ठरले. १८४८ साली पहिल्या विभागातील ३,५५६ बाळंतपणांत केवळ ४५ मृत्यू झाले.

त्याने १७८४ पासूनच्या नोंदीही चाळल्या. शवविच्छेदनाद्वारे शिक्षण देण्याची प्रथा १८२३ च्या सुमारास तेथे सुरू झाली. तत्पूर्वीच्या काळात मृत्यूंचे प्रमाण शेकडा सव्वाच होते.

एवढे असूनही अनेक नामांकित वैद्यांनी त्याचे म्हणणे मानले नाही. आपल्या हातांनी रुग्ण दगावले हे कबूल करणे सोपे नव्हते. सेमेलवाइसचाही दोष होता. त्याने आपले विवेचन वर्षानुवर्षे लिहून काढलेच नाही; त्याचा ग्रंथ निघाला तो थेट १८६१ मध्ये. पुढे विरोधकांना खुनी म्हणणारी उघड पत्रे त्याने छापली, त्यामुळे वैर मात्र वाढले.

१८४९ मध्ये त्याच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यात आली नाही. तो स्वदेशी परतला. पेस्ट येथील सेंट रोकुस रुग्णालयात त्याने सहा वर्षे हाच नियम पाळला. तेथे ९३३ बाळंतपणांत सूतिकाज्वराने आठच माता गेल्या. पुढे त्याचे मन भ्रमिष्ट झाले. त्याला व्हिएन्नातील वेड्यांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले आणि तेथे १३ ऑगस्ट १८६५ रोजी, जखम चिघळून रक्त दूषित झाल्याने, तो मरण पावला. चौदा वर्षांनी, १८७९ मध्ये, लुई पाश्चरने सूतिकाज्वराचे जंतू पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे दाखविले. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ साली सेमेलवाइसचे नाव देण्यात आले. त्याच्या जन्मघरात आता वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे आणि त्याच्या अस्थी त्याच घराच्या अंगणात विसावल्या आहेत.