विश्लेषण : ३८ वर्षे मनोरुग्णालयात बंदिस्त, तरी ऑक्सफर्ड शब्दकोशात मोलाचा वाटा… कोण होते डॉ. विल्यम मायनर?

कडेकोट बंदोबस्तातील मनोरुग्णालयात सुटकेची तारीख ठरलेली नसते. आजाराइतकाच तिथला रिकामा वेळही रुग्णाला छळतो. इंग्लंडच्या ब्रॉडमूर रुग्णालयात डॉ. विल्यम मायनर यांनी या रिकामपणावर शोधलेला उपाय आजही चर्चेत असतो.

ब्रॉडमूरमध्ये कसे पोहोचले?

अमेरिकी मिशनरी दाम्पत्याचे पुत्र मायनर यांचा जन्म १८३४ मध्ये सिलोनमध्ये (आताचे श्रीलंका) झाला. येल विद्यापीठातून डॉक्टर झाल्यावर अमेरिकी यादवी युद्धात ते लष्करात शल्यचिकित्सक होते. पुढे कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे, या भ्रमाने त्यांना ग्रासले. या भ्रमातूनच फेब्रुवारी १८७२ मध्ये लंडनमध्ये त्यांनी जॉर्ज मेरेट या निरपराध कामगाराला गोळ्या घालून ठार केले. मानसिक आजारामुळे न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नाही. मात्र त्यांची रवानगी बेमुदत ब्रॉडमूरमध्ये झाली.

रिकामा वेळ कसा भरला?

लष्कराच्या निवृत्तिवेतनामुळे त्यांना पुस्तके घेणे परवडत होते. राहायला दोन खोल्या मिळाल्या. मेरेट यांची पत्नी एलायझाही त्यांना भेटायला येई आणि पुस्तके आणून देई. १८८०च्या दशकात ते जेम्स मरे यांच्या शब्दकोशासाठी स्वयंसेवक वाचक झाले. जुनी पुस्तके वाचून कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याच्या सूची ते बनवत. संपादकांना ज्या शब्दाची उदाहरणे हवी असत, ती या सूचींतून शोधून टपालाने पाठवत. हे काम सुमारे दोन दशके चालले. १८९१ मध्ये मरे स्वतः त्यांना भेटायला आले.

कामामुळे आजार बरा झाला का?

नाही. रात्रीचे भ्रम कायम राहिले. १९०२ मध्ये तर त्यांनी स्वतःला गंभीर इजा करून घेतली. पण हे काम निव्वळ विरंगुळा नव्हते. बाहेर कोणीतरी त्यांच्या पाकिटाची वाट पाहत होते, त्यामुळे दिवसाला अर्थ होता. अर्थात शिक्षण, पैसा आणि पुस्तकांची खोली प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येत नाही.

अखेर काय झाले?

१९१० मध्ये गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आदेशाने त्यांना अमेरिकेत पाठवण्यात आले. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले. शब्दकोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. तो पाहायला मायनर नव्हते आणि मरेही नव्हते.