भूक ओळखणारी प्रीती

आजचं वाचन : १ योहान ३:१६-१८

प्रियांनो, पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आपल्याला ठाऊक आहे. पण भूक काय असते, हेही त्यांना ठाऊक होतं. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेले.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाई पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. अमेरिकेतून मिळणारी मदत दहाच वर्षांची होती, आणि ती मुदत संपत आली होती. हिशेब पाहिला तर घरी थांबणंच शहाणपणाचं! पण त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांनी मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. मुलींना पोटभर जेवण मिळालं, शिक्षण मिळालं, हाताला काम मिळालं.

पुढे रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. पण त्याआधी त्यांनी वचन जगून दाखवलं होतं.

आपण मात्र 'आधी सगळं सेट होऊ दे, मग सेवा करू' असं म्हणतो ना?

प्रभू येशू, आमचं दुःख दुसऱ्याचं दुःख ओळखायला वापर. आमेन.