वाघोलीचे रामेश्वरभट्ट

फाल्गुन वद्य द्वितीया ही तुकाराम बीज. शके १५७१ मध्ये, म्हणजे इसवी सन १६५० साली, याच तिथीस श्रीतुकोबाराय वैकुंठास गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. बीजेच्या कीर्तनात आम्ही तुकोबांचे चरित्र लावतो तेव्हा इंद्रायणीच्या डोहात बुडविलेल्या वह्यांचा प्रसंग आल्यावाचून राहत नाही. त्या प्रसंगाबरोबर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे वाघोलीचे रामेश्वरभट्ट उभे राहतात. भट्टांच्या अंगाचा दाह सुरू झाला, असे आम्ही सांगू लागलो की मंडपातील आयाबायांच्या मुखावर समाधान दिसते. दुष्टास शासन झाले, आता कथा पुढे जाऊ द्या, असा तो भाव असतो. परंतु या ब्राह्मणाचे चरित्र त्या दाहापाशी संपत नाही. आमच्या मते ते तेथून सुरू होते.

नायक कोणास म्हणावे आणि प्रतिनायक कोणास, याची लक्षणे आपल्या शास्त्रकारांनी बांधून दिली आहेत. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंजराजाच्या आश्रयास असलेल्या धनंजयाने ‘दशरूपक’ ग्रंथात सांगितले आहे की प्रतिनायक हा लोभी, उद्धत, ताठर, पापाचरणी, व्यसनी आणि नायकाचा वैरी असतो. रामापुढे रावण, युधिष्ठिरापुढे दुर्योधन. ही मोजपट्टी रामेश्वरभट्टांस लावून पाहावी. तुकोबांच्या वह्या बुडाल्याने त्यांच्या पदरात एक कवडीही पडणार नव्हती. व्यसनाचे तर नावही त्यांच्या कथेत नाही. लागू पडते ती ताठरता, आणि ती विद्येची होती.

भट्टांचे घराणे मूळचे कर्नाटकातील बदामीचे, असे परंपरा सांगते. पुण्याजवळील वाघोलीस ते स्थायिक झाले. वेदशास्त्रसंपन्न, कर्मनिष्ठ, शिवाचे उपासक, अशी त्यांची ख्याती पंचक्रोशीत होती आणि त्यांच्या शब्दास ग्रामाधिकाऱ्यांपाशी वजन होते. अशा पुरुषाच्या कानी वार्ता आली की देहू गावीचा एक वाणी, वर्णाने शूद्र, प्राकृत कवित्व करतो, त्यातून वेदांचा अर्थ प्रकट होतो आणि ब्राह्मणसुद्धा त्याच्या पायां पडतात. त्या काळच्या धर्मशास्त्राप्रमाणे शूद्रास वेदाचा अधिकार नव्हता. भट्टांनी शास्त्र पाहिले आणि निर्णय दिला. ज्याच्याविषयी निर्णय द्यावयाचा, त्याच्या अंतःकरणात काय आहे हे पाहण्याची त्यांस गरज वाटली नाही.

ताहाराबादच्या महिपतींनी (१७१५–१७९०) ही कथा विस्ताराने वर्णिली आहे. तुकोबांस देहूतून घालवावे, अशी खटपट भट्टांनी केली. तुकोबा स्वतः वाघोलीस गेले, त्यांनी भट्टांस दंडवत घातले आणि त्यांच्यापुढे कीर्तन मांडले. भट्टांनी कवित्व बंद करण्यास सांगितले आणि लिहिलेले जलात बुडवावे, अशी आज्ञा केली. तुकोबांनी ब्राह्मणवचन प्रमाण मानून वह्यांस दगड बांधले व त्या इंद्रायणीत सोडल्या. मागे दुष्काळात पत्नी अन्नावाचून गेली, दुकान मोडले, तेव्हा आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी याच नदीत बुडविली होती. खते बुडाली तेव्हा ते मोकळे झाले होते. आता मात्र त्यांचे सर्वस्व बुडाले. देवळापुढील शिळेवर ते १३ दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा घराघरांत ठाऊक आहे, ती येथे विस्तारीत नाही.

त्याच सुमारास भट्ट पुण्यास नागनाथाच्या दर्शनास निघाले. वाटेत अनगडशाह फकिराच्या जागेतील पाण्यात त्यांनी स्नान केले. फकीर कोपला, आणि भट्टांच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला. ओली वस्त्रे गुंडाळली, उपचार झाले, काही चालेना. शेवटी ते आळंदीस श्रीज्ञानेश्वरमाउलींच्या समाधीपाशी अनुष्ठानास बसले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. प्राकृतात वेदार्थ आणल्याबद्दल ज्याने दुसऱ्याच्या वह्या बुडविल्या, तो शरण कोणास गेला? ज्यांनी १२९० साली भगवद्गीता प्राकृतात आणली त्यांस! संन्याशाची पोरे म्हणून ज्यांस ब्राह्मणसभेने दारात उभे केले नाही, त्यांच्या पायांशी हा शास्त्री बसला होता. माउलींनी स्वप्नात तुकोबांकडे जाण्यास सांगितले. भट्टांनी शिष्यांहाती पत्र पाठविले. तुकोबांनी उलट एक अभंग धाडला. चित्त निर्मळ असेल तर वैरीही मित्र होतात, असा त्याचा आशय आहे. तो वाचताच दाह शमला.

आता कोणी म्हणेल, भयाने कोण नमत नाही? खरे आहे. ज्वर असेतोवर देवाचे नाव घेणारे आणि घाम येताच विसरणारे आम्ही पुष्कळ पाहतो. भट्ट एवढ्यावर वाघोलीस परतते, तर त्यांस नायक म्हणण्यास आम्हीही तयार नव्हतो.

ते देहूस राहिले. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभ्या राहणाऱ्या १४ टाळकऱ्यांची नावे परंपरेने जपली आहेत. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे तेली आहेत, गंगाराम मवाळ आहेत आणि वाघोलीचे रामेश्वरभट्टही आहेत. काल ज्याचा अधिकार नाकारला त्याच्या मागे, तेल्याच्या खांद्यास खांदा लावून, त्या घनपाठी ब्राह्मणाने हाती टाळ घेतले. ज्या समाजात ते वाढले, त्यात हे पाऊल दाहापेक्षा सोपे नव्हते.

आणि याहूनही मोठी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शतकाहून अधिक काळाने रचलेले. मग भट्टांनी तुकोबांचा द्वेष केला, याची त्याआधीची साक्ष कोणाची? तुकोबांच्या गाथेत रामेश्वरभट्टांच्या मुद्रेचे अभंग आले आहेत. त्यांत ते स्वतःच सांगतात की आपण मनात द्वेष धरला, त्यामुळे देहास व्यथा झाली, फजिती झाली, आणि ज्ञानेश्वरांनी स्वप्नात उपकार केला. नाव बदललेले नाही, दोष दुसऱ्यावर लोटलेला नाही, आपण शास्त्राप्रमाणेच वागलो अशी सबबही सांगितलेली नाही. ते मौन धरते तर एखादी दंतकथा म्हणून हा प्रसंग पुसटही झाला असता. आपल्या विरुद्धची साक्ष त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेविली आणि ज्यांचे अभंग बुडविले त्यांच्याच गाथेत ती जाऊन बसली.

देहूतच मंबाजी गोसावी होते. त्यांनी तुकोबांस काटेरी फोकांनी झोडपले, असे कथेत येते. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत या मंबाजींनी स्वतःस दिलेला छळ नोंदविला आहे. त्यांचा शिष्य होण्यास नकार दिल्याबद्दल तिच्या गाईस मार पडला. तुकोबांनी मंबाजींसही घरी जाऊन विनविले, त्यांचे अंग चेपले, असे महिपती सांगतात. एकाच संताचा स्पर्श दोघांस झाला, आणि टाळकऱ्यांच्या मालिकेत एकटे भट्ट आले. याचा विचार वाचकांनी घरी बसून करावा.

नाटकमंडळ्यांस आणि चित्रपटांस मात्र खलपुरुष लागतोच. ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात तो भार मुख्यतः सालोमालोवर पडला. रामेश्वरशास्त्री तेथेही आहेत आणि अखेर ते नमतात, हे त्या मंडळींनी योग्यच केले.

बीजेच्या दिवशी घरोघरी कीर्तन संपल्यावर तुकोबांची आरती होते. लहान मुलांसही ती पाठ असते. रामाने समुद्रात पाषाण तारले, तसे तुकोबांचे अभंग जलात राखले गेले, असे तीत म्हटले आहे, आणि लगेच कवी आपले मस्तक तुकोबांच्या चरणी ठेवून नाममुद्रा घालतो. ते नाव रामेश्वरभट्टांचे आहे.