कै. लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार

या स्मरणिकेसाठी ज्ञातीतील कर्तृत्ववान स्त्रियांची यादी वाचली जात असता आम्ही लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव सुचविले, तेव्हा बैठकीत क्षणभर शांतता पसरली. एका वयोवृद्ध सभासदांनी सौम्यपणे आठवण करून दिली की, बाई मोठ्या खऱ्या, पण त्या आपल्यातून गेल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लक्ष्मीबाई इ. स. १९०० साली ख्रिस्ती झाल्या, आणि त्या काळी ख्रिस्ती होणे म्हणजे ज्ञातीच्या लेखी मृत होणेच होय. तथापि ज्या घरातून त्या गेल्या ते घर आपले होते, आणि जाताना त्यांना किती उंबरे ओलांडावे लागले हे आपणांइतके दुसऱ्या कोणास उमगणार? समितीने अखेर मान्यता दिली, म्हणून हा लेख.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकनजीकच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात मनू म्हणत. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या प्रसंगाचा धक्का नारायणराव गोखल्यांच्या मनास असा बसला की, पुढे त्यांना सोवळ्याओवळ्याचा ध्यासच लागला. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि मुलांच्या स्पर्शाचाही विटाळ होई. आमच्या पिढीने आपल्या आज्यांचे सोवळे पाहिले आहे. पण हे सोवळे त्याहून निराळे होते. त्यात भक्तीपेक्षा भीती अधिक होती. मनू या भीतीच्या सावलीत वाढली. शाळा अर्थातच नव्हती.

अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. वर नारायण वामन टिळक, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म ६ डिसेंबर १८६१ चा. (लोकमान्यांशी यांची गल्लत पुष्कळांकडून होते, म्हणून सांगितलेले बरे. आडनाव एक, ज्ञाती एक, पण माणसे निराळी.) नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले होते. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, कवित्व उपजत. परंतु संसारास लागणारी व्यवहारदृष्टी देवाने त्यांना दिली नव्हती. हाती पैसा आला तर पहिला भेटेल त्या गरजवंताच्या हाती तो जायचा. नोकरी धरावी, मन विटले की सोडावी, न सांगता कोठे निघून जावे, आणि पत्नीने कधी वडिलांकडे तर कधी बहिणीकडे दिवस काढावेत, असा हा क्रम होता. सासरे वामनराव स्वभावाने अतिशय कडक. त्यातच पोटची पहिली मुले लहानपणीच गेली. इ. स. १८९१ साली झालेला दत्तू, म्हणजे पुढील काळातील देवदत्त नारायण टिळक, तेवढा हाती लागला.

असे असूनही नवऱ्याने पत्नीला एक गोष्ट दिली. तिला अक्षरओळख करून देऊन लिहावयास व वाचावयास शिकविले. इंग्रजी शिकविण्याचाही त्यांनी घाट घातला होता, तो तडीस गेला नाही. शिक्षकाचा पेशा आम्हीही आयुष्यभर केला. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यास, तोही स्वतःच्या घरातला, शिकविणे किती अवघड असते हे आम्ही जाणतो. टिळक रागीट होते आणि लक्ष्मीबाई हजरजबाबी होत्या. तो अभ्यास मुकाट्याने झाला असेल असे आम्हांस वाटत नाही.

इ. स. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलता बोलता त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भविष्यही वर्तविले. टिळकांना प्रथम ते चमत्कारिक वाटले; पण पुस्तक उघडल्यावर गिरिप्रवचनाशी येऊन ते थांबले आणि पुढे त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीस हे आधी सांगितले नव्हते.

या एका गोष्टीसाठी आम्ही टिळकांना दोष देतो. त्यांची तळमळ खरी होती याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु जिच्या साऱ्या आयुष्याची उलथापालथ व्हावयाची, तिला ती बातमी दुसऱ्यांच्या तोंडून कळावी, हे काही ठीक झाले नाही. त्या काळी अशा स्त्रीची अवस्था कल्पनेनेच जाणावी. पती जिवंत आहे, म्हणून ती विधवा नव्हे. पण तो ज्ञातीबाहेर गेला, म्हणून ती सवाष्ण म्हणून कोठे मिरवावयाची नाही. अन्नपाणी सुटले, प्रकृती ढासळली. बहिणीबहिणींचे आप्तमंडळ होते म्हणून त्या तगल्या. त्या आप्तांविषयी एक शब्द लिहिलाच पाहिजे. सारे आयुष्य सोवळ्यात गेलेल्या या माणसांनी लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या दत्तूला अंतर दिले नाही. पंढरपूर, नाशिक, जलालपूर असे त्यांचे दिवस गेले. त्याच दुःखात लक्ष्मीबाई कविता रचू लागल्या.

येथे कायद्याची एक बाब सांगणे अवश्य आहे. इ. स. १८६६ च्या कायद्यान्वये धर्मांतर केलेल्या नेटिव्ह माणसास, आपला जोडीदार केवळ धर्मांतरामुळे आपणांबरोबर नांदत नाही असे दाखविता आल्यास, कोर्टात जाता येत असे. वर्षाची मुदत देऊनही जोडीदार न आल्यास विवाह मोडून पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. टिळकांना हा मार्ग उघडा होता. त्यांनी तो स्वीकारला नाही. त्यांची पत्रे येत राहिली, त्यांतील काही रागाची, काही आर्जवाची; पण दुसरे लग्न त्यांनी केले नाही. सुमारे पाच वर्षे हा संसार दोन धर्मांच्या दोन तीरांवर उभा होता आणि तुटला मात्र नाही.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूस घेऊन अहमदनगरास पतीकडे गेल्या. ख्रिस्ती व्हावयास नव्हे, नांदावयास गेल्या. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले देव त्यांनी बरोबर नेले. मिशनच्या आवारात एका घरात नवरा येशूची भजने रचीत आहे आणि बायको सोवळ्याने चूल पेटवीत आहे, हे दृश्य आम्ही पुष्कळदा मनाशी आणतो. टिळकांनी आता सक्ती केली नाही. पहिल्या वेळची चूक त्यांना कळली असावी.

बदल झाला तो प्रथम जातीच्या प्रश्नावर, देवाच्या नव्हे. एके दिवशी एकट्या बसल्या असता त्यांच्या मनात विचार आला की, जात देवाने केली असती तर त्याने तिची खूण देहावर ठेवली असती. पशुपक्ष्यांत जाती आहेत त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तर स्त्री आणि पुरुष एवढ्याच दोन दिसतात. मग बाकीच्या कोणी केल्या? या विचाराने त्यांचा रात्रीचा डोळा लागला नाही, आणि त्यांनी ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे व प्यावयाचे. कोणा धर्मोपदेशकाने हे त्यांना शिकविले नव्हते. जिच्या वडिलांनी जन्मभर वस्तू धुतल्या, तिने विचाराच्या जोरावर ते पाणी एका दिवसात ओतून दिले. यानंतर ख्रिस्ताकडील वाट फार लांब उरली नव्हती. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही हकीकत छापावी की नाही याविषयी आम्ही बराच विचार केला. ही गाळली तर लक्ष्मीबाईंच्या चरित्रात उरते काय, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सापडले नाही.

पुढील वीस वर्षे ही त्यांच्या संसाराची खरी वर्षे होत. टिळक नगरास धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत शिकवीत आणि अभंग, ओवी, भजन या आपल्या मातीतल्या छंदांत ख्रिस्तभक्तीची पदे लिहीत. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. ही पदे मराठी ख्रिस्ती मंदिरांत आजही गायिली जातात. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. पण फुलामुलांच्या कवीच्या घरी मुलांना जेवू कोण घालीत होते? दुष्काळाने पोरकी झालेली मुले, शिकावयास आलेले विद्यार्थी, वाट चुकलेले पाहुणे, ज्याला टिळक रस्त्यात भेटत त्याला ते घरी आणीत, आणि डब्यात पीठ आहे की नाही हे लक्ष्मीबाईंनी पाहावयाचे. नकुशी नावाची मुलगी अशीच घरात आली आणि घरचीच झाली. पुढे स्वतःची कन्या ताराही झाली. बालकवी ठोमरे याच घरात राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवले, त्यांच्याशी रुसले व भांडले. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले, त्याबद्दल त्या घरात कोणी त्यांना कमी लेखले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा या घरावर मुलगा गेल्याचेच दुःख कोसळले.

श्रद्धा म्हणजे प्रार्थनेच्या वेळी मिटलेले डोळे, असे लक्ष्मीबाईंच्या बाबतीत नव्हते. प्लेगाने महाराष्ट्रात धुमाकूळ घातला त्या काळची गोष्ट आहे. गाठ आली म्हणजे सख्खे आप्तही रोग्यास टाकून रानात झोपड्या बांधून राहावयास जात. लोकांना रोगाइतकीच प्लेगाच्या इस्पितळाची धास्ती वाटे. नगरास मिशनच्या मुलींना प्लेग झाला तेव्हा त्यांच्याजवळ राहण्यास लक्ष्मीबाई पुढे झाल्या. औषध म्हणावे असे त्या रोगावर तेव्हा काही नव्हते. पाणी पाजणे, अंग पुसणे, वातात उठून पळणाऱ्या मुलीस धरून ठेवणे, आणि कोणी गेली तर तिच्याजवळ बसणे, एवढीच शुश्रूषा. मुली निरनिराळ्या जातींतून आलेल्या. ज्या हाताला एकेकाळी स्पर्शाचा विटाळ होई, तोच हात आता पू आणि ओकारी पुसत होता. त्या स्वतःस शूर मुळीच समजत नसत. आपल्या भित्रेपणाची थट्टा त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे.

हे लिहिताना एक घरची गोष्ट आठवते. आमच्या कुटुंबाच्या दीर्घ दुखण्यात आठ महिने जी बाई रात्री उशाशी बसून राहिली, तिची जात आम्ही कधी विचारली नाही, आणि आमच्या सोवळ्यातल्या वृद्ध मातोश्रींनीही विचारली नाही. दुखण्याच्या खाटेपाशी हा प्रश्न सुचतच नाही. तो बरे झाल्यावर सुचतो, हीच तर खंत आहे.

इ. स. १९१७ साली टिळकांनी लक्ष्मीबाईंना दुसरा धक्का दिला. मिशनची नोकरी व वेतन सोडून त्यांनी संन्यास घेतला, आणि देवाचा दरबार या नावाने ख्रिस्तभक्तांचा एक मोकळा मेळा स्थापन करून ते साताऱ्यास राहू लागले. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी व न घेतलेल्यांनीही त्यात यावे अशी त्यांची कल्पना होती. कल्पना उदात्त, पण वेतन बंद झाल्यावर संसाराचे काय, हा प्रश्न पुन्हा एकदा स्वयंपाकघराकडे आला. लक्ष्मीबाई चिडल्या, रडल्या, बोलल्या. १८९५ आणि १९१७ यांत फरक एवढाच की, या वेळी त्या दूर राहिल्या नाहीत. पुढे त्याही साताऱ्यास गेल्या.

दरबार मूळ धरण्यापूर्वीच टिळकांच्या प्रकृतीने दगा दिला. आजार वाढला तेव्हा त्यांना मुंबईस नेण्यात आले, आणि ९ मे १९१९ रोजी तेथील जमशेटजी जिजीभाई इस्पितळात त्यांचे देहावसान झाले. आपल्या देहास दहन द्यावे अशी त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे करण्यात आले, आणि रक्षा नगरास नेण्यात आली.

पन्नाशीच्या त्या विधवेला आता पोटासाठी काम करणे प्राप्त झाले. मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर त्यांनी देखरेखीचे काम केले. नंतर मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीसही काही काळ राहिल्या. दत्तूस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून आईने आठवणी लिहून द्याव्यात असा त्याने आग्रह धरला. त्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक जन्मास आले. इ. स. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले आणि शेवटचा भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. आम्ही वर्गात या पुस्तकातील उतारे वर्षानुवर्षे वाचून दाखविले. व्याकरण शिकविताना झोपणारी मुले या तासाला हसत आणि मग एकाएकी गप्प होत. शाळेत एक दिवसही न गेलेल्या बाईची ही मराठी. आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्यांनी तिच्यापुढे पाटी पुसून ठेवावी.

आणखी एक काम त्यांनी शिरावर घेतले होते, ते लोकांस कमी ठाऊक आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाने ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र आरंभिले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. राहिलेले काव्य लक्ष्मीबाईंनी उतारवयात, प्रकृती साथ देत नसता, पूर्ण केले. त्यांनी लिहिलेल्या अध्यायांची संख्या ६४ आहे. ज्या धर्मासाठी नवरा सोडून गेला म्हणून त्यांनी एकेकाळी अन्न वर्ज्य केले, त्याच धर्माच्या प्रभूची कथा नवऱ्याने अर्धवट टाकली म्हणून त्यांनी लिहावयास घेतली. टिळकांनी संसारातली पुष्कळ कामे अर्धवट टाकून बायकोवर सोपविली होती. त्यांतले हे शेवटचे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्या निवर्तल्या. जलालपूर तेथून फार दूर नाही. गोदावरीच्या काठाकाठाने चालत गेले तर सकाळी निघालेला मनुष्य ऊन चढण्यापूर्वी पोहोचतो.