विमानाला रंगाचा हात किती द्यायचा? सांतोस-द्युमाँ यांचं वजनाचं गणित

नवा फोन घेतला की आपण लगेच कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लावतो. फोन सुरक्षित होतो, पण जडही होतो. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आतून प्रायमर मारला की गंजाची भीती कमी होते, पण रंगाच्या प्रत्येक हाताबरोबर वजन वाढतं. आणि ते वजन विमानाला प्रत्येक उड्डाणात उचलावं लागतं.

हे गणित ॲल्युमिनियमच्या विमानांपेक्षाही जुनं आहे. ते पक्कं ओळखणारा माणूस म्हणजे अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ.

जन्म 20 जुलै 1873, ब्राझीलमधला. वडिलांचे कॉफीचे मोठे मळे होते. लहानपणापासून यंत्रांचं वेड. तरुणपणी ते पॅरिसला गेले आणि बलूनच्या नादी लागले. 1898 मध्ये त्यांनी ‘ब्राझील’ नावाचं छोटं बलून बनवून घेतलं. कापड निवडलं पातळ जपानी रेशीम. बनवणाऱ्यांना ते टिकेल असं वाटेना, म्हणून सांतोस-द्युमाँ यांनी त्याची ताकद मोजूनच दाखवली.

आता खरी गंमत बघा. त्या रेशमाचं वजन होतं फक्त साडेतीन किलो. पण नुसत्या रेशमातून हायड्रोजन निसटतो, म्हणून त्यावर व्हार्निशचे तीन हात दिले. वजन झालं 14 किलो! म्हणजे कापडापेक्षा व्हार्निशच तिप्पट. तरीही ते दिलं, कारण त्याशिवाय गॅस टिकलाच नसता.

पुढे 19 ऑक्टोबर 1901 ला त्यांनी आपल्या इंजिनवाल्या बलूनमधून आयफेल टॉवरला फेरी मारून मोठं बक्षीस जिंकलं आणि ते पैसे आपले कामगार आणि पॅरिसमधले गरीब यांना वाटून टाकले. उडताना वेळ बघता यावी म्हणून लुई कार्टिए यांनी त्यांना मनगटी घड्याळ करून दिलं. ‘सांतोस’ हे मॉडेल आजही विकलं जातं. 12 नोव्हेंबर 1906 ला त्यांचं ‘14-बिस’ हे विमान 220 मीटर उडालं.

त्यानंतर आलं ‘देमुआझेल’: बांबूचा सांगाडा, रेशमी पंख, आणि वजन साधारण आजच्या स्कूटरइतकं. पंखांना हवा पेलायची होती, तिथे कापड लावलं. मागचा सांगाडा मात्र उघडाच ठेवला, कारण तिथे झाकण्यासारखं कामच नव्हतं. सांतोस-द्युमाँ यांनी या विमानाचं पेटंट घेतलं नाही. 1910 मध्ये त्याचे आराखडे अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात छापून आले. आजच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स विमान!

त्याच वर्षी आजारपणामुळे त्यांचं उडणं थांबलं. पुढे विमानांमधून बॉम्ब पडताना पाहून ते फार खचले. 23 जुलै 1932 ला, वयाच्या 59 व्या वर्षी, ब्राझीलमध्ये त्यांचं निधन झालं.

आज कोणी घरी विमान बांधत असेल, तर प्रायमरचा डबा उघडण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हा थर इथे नेमकं काय काम करणार? पत्र्यावर पत्रा बसतो, ओल साचते, तिथे तो हवाच. पण नुसतं छान दिसावं म्हणून आणखी एक हात मारायचा असेल, तर आधी वजनकाटा काढा.