खाडीवरून उड्डाण

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर कॅले नावाचे बंदर आहे. हवा स्वच्छ असली, म्हणजे तेथून समुद्रापलीकडे इंग्लंडचे पांढरे शुभ्र कडे दिसतात. इंग्लिश खाडी या भागात अत्यंत अरुंद असून तिची रुंदी जेमतेम ३४ किलोमीटर भरते. १७८५ साली दोन धाडसी पुरुष बलूनमध्ये बसून ही खाडी ओलांडून गेले होते. परंतु बलून म्हणजे वाऱ्याचा दास. वारा नेईल तिकडे त्याने जावयाचे. यंत्राच्या बळावर, स्वतःच्या इच्छेप्रमाणे विमान चालवीत ही खाडी प्रथम ओलांडली, ती लुई ब्लेरिओ या फ्रेंच गृहस्थाने, १९०९ साली.

ब्लेरिओचा जन्म १ जुलै १८७२ रोजी कांब्रे या गावी झाला. त्याचे अभियांत्रिकीचे शिक्षण पॅरिस येथे झाले. त्या काळी मोटारी नुकत्याच रस्त्यांवर धावू लागल्या होत्या आणि रात्री त्यांना वाट दिसण्याची पंचाईत पडे. ब्लेरिओने अ‍ॅसिटिलीन वायूवर जळणारे प्रखर दिवे मोटारींसाठी तयार केले. धंदा भरभराटीस आला, हाती पैसा खेळू लागला. दुसऱ्या एखाद्याने त्यात सुखाने दिवस काढले असते. ब्लेरिओने मात्र तो पैसा हवेत उडविला आणि हे म्हणणे अक्षरशः खरे आहे!

प्रथम त्याने पक्ष्याप्रमाणे पंख फडफडविणारे यंत्र करून पाहिले. ते उडाले नाही. १९०५ साली त्याच्यासाठी तयार केलेले एक बिनइंजिनाचे विमान मोटारबोटीने ओढीत सेन नदीवरून उडविण्यात आले. ते पाण्यात कोसळले आणि आतला माणूस बुडता बुडता वाचला. तरीही ब्लेरिओ थांबला नाही. आपल्या विमानांना तो क्रमांक देई. एक मोडले, की त्यातील दोष शोधून पुढच्या क्रमांकाचे विमान बांधावयास घ्यावयाचे, असा त्याचा क्रम होता. कितीदा तरी तो विमानासह जमिनीवर आपटला. पडताना अंग पंखाच्या बाजूस झोकून द्यावे, म्हणजे आघात पंखावर जातो, ही युक्ती तो अशा पडण्यांतूनच शिकला. दिव्यांच्या धंद्यातील नफा अशा रीतीने लाकूड, कापड आणि तारा यांच्या ढिगाऱ्यांत नाहीसा होत चालला. त्याची पत्नी आलिस हे सर्व पाहत होती.

१९०८ साली लंडनच्या ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने विमानातून खाडी ओलांडणारासाठी बक्षीस जाहीर केले. बक्षिसाची रक्कम पुढे एक हजार पौंड झाली. उड्डाण सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या दरम्यान झाले पाहिजे, अशी अट होती. जुलै १९०९ मध्ये ह्यूबर्ट लॅथम हा तरुण वैमानिक कॅलेजवळच्या सांगात या गावी तळ देऊन बसला होता. त्याचे विमान डौलदार, इंजिन पन्नास अश्वशक्तीचे. १९ जुलै रोजी तो निघाला. पण अर्ध्या वाटेवर पोहोचण्यापूर्वीच इंजिन बंद पडले. विमान पाण्यावर तरंगत राहिले आणि लॅथम त्यावर, जणू होडीत बसावे तसा, सुटकेची वाट पाहत स्वस्थ बसून राहिला. तो वाचला, विमान मात्र निकामी झाले. त्याने दुसरे विमान मागविले.

आता ब्लेरिओ पुढे सरसावला. त्याचे अकराव्या क्रमांकाचे विमान एकपंखी आणि लहानसे होते. पंखांचा विस्तार आठ मीटरांहूनही कमी, सांगाडा लाकडी आणि तीन सिलिंडरांचे अँझानी इंजिन अवघे पंचवीस अश्वशक्तीचे. हे इंजिन हवेनेच थंड व्हावयाचे; त्यामुळे ते लवकर तापे. त्यातच महिन्याच्या आरंभी दुए येथील एका उड्डाणात धुराच्या नळीवरील आच्छादन सुटले होते आणि तापलेल्या नळीने ब्लेरिओचा पाय चांगलाच भाजला होता. कुबड्यांवाचून त्याला चालता येत नव्हते. असा मनुष्य विमान घेऊन ले बाराक या कॅलेजवळच्या वस्तीत येऊन उतरला.

एवढ्या लहान विमानाला समुद्रावर न्यावयाचे म्हणजे पुष्कळ विचार करावा लागतो. विमान पाण्यात पडले तर? म्हणून सांगाड्यात हवेने भरलेली एक पिशवी बसविली. बुडणाऱ्याला उचलणार कोण? फ्रेंच आरमाराची ‘एस्कोपेत’ नावाची युद्धनौका सोबतीला मिळाली. उतरावयाचे कोठे? हा प्रश्न सर्वांत अवघड होता. डोव्हरचे कडे सुमारे शंभर मीटर उंच आणि ब्लेरिओ उडणार त्याहून खालून. तेव्हा कड्यांत एखादी खिंड हवी होती. शार्ल फोंतेन नावाचा एक फ्रेंच वार्ताहर डोव्हरला गेला. किल्ल्याजवळ खोलगट भागातील एक कुरण त्याने हेरले आणि तेथे आपण फ्रान्सचे तिरंगी निशाण हालवीत उभे राहू, असे ठरविले. उरला दिशेचा प्रश्न. ब्लेरिओपाशी होकायंत्र नव्हते! डोव्हरकडे जाणारी युद्धनौका पाहून दिशा धरावयाची, एवढाच त्याचा बेत होता.

सर्व सिद्धता झाली; पण वारा अनुकूल होईना. दिवसामागून दिवस समुद्र खवळलेलाच राहिला. दोन्ही तळांवर माणसे आकाशाकडे डोळे लावून बसली.

२५ जुलैच्या पहाटे, पुरता अंधार असतानाच, ब्लेरिओचा मित्र आल्फ्रेद लब्लां बाहेर येऊन पाहतो, तो वारा पडलेला! त्याने तत्काळ ब्लेरिओला उठविले. आलिसला युद्धनौकेवर पोहोचवून दोघे ले बाराकला आले. ब्लेरिओने प्रथम एक लहानसे उड्डाण करून इंजिन पारखले, मग सूर्योदयाची वाट पाहिली. सूर्य वर येताच, चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी, विमान उचलले गेले. इकडे सांगातला लॅथम गाढ झोपेत होता. त्याला जाग आली तेव्हा वारा पुन्हा सुटला होता.

थोड्याच वेळात ब्लेरिओने युद्धनौकेला गाठले आणि मागे टाकले. बेतातील उणीव येथेच उघडी पडली. जहाजापेक्षा विमानाचा वेग अधिक; मग वाटाड्या मागे पडणारच! पुढे धुके होते. मागे फ्रान्स दिसेना, समोर इंग्लंड दिसेना. सुमारे दहा मिनिटे तो केवळ विमानाच्या भरवशावर सरळ जात राहिला. तापत चाललेल्या इंजिनावर पावसाची हलकी सर आली आणि ते निवाले, असे सांगतात.

अखेर समोर एक करडी रेघ दिसली. ते इंग्लंड होते. पण डोव्हर कोठेच नव्हते. वाऱ्याने त्याला बरेच पूर्वेकडे ढकलले होते. त्याने विमान पश्चिमेकडे वळविले आणि कड्यांच्या कडेकडेने वाऱ्याशी झुंजत तो निघाला. एवढ्यात खिंडीत हालणारे निशाण दिसले. तो आत शिरला. वाऱ्याच्या भोवऱ्यात विमान गरगरू लागताच त्याने इंजिन बंद केले. विमान धाडकन आदळले. चाके आणि पंखा मोडला, ब्लेरिओ मात्र सुखरूप होता. साडेछत्तीस मिनिटांत तो एका देशातून दुसऱ्या देशात आला होता.

लगोलग जकात अधिकारी आले. आकाशातून येणाऱ्या प्रवाशासाठी त्यांच्या कागदांत रकानाच नव्हता. तेव्हा ब्लेरिओ हा एका जहाजाचा कप्तान आहे, अशी नोंद त्यांनी करून टाकली! काही वेळाने ‘एस्कोपेत’ डोव्हरला लागली आणि आलिसला आपला पती धडधाकट दिसला.

वर्ष सरण्यापूर्वीच त्याच्या विमानांना शंभराहून अधिक मागण्या आल्या आणि पैशाची विवंचना संपली. त्याच वर्षी डिसेंबरात कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे विमान एका घराच्या छपरावर कोसळले व बरगड्या मोडल्या. तेव्हापासून प्रेक्षकांसाठी उडणे सोडून त्याने विमाने बांधण्यावरच लक्ष दिले. १ ऑगस्ट १९३६ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले. खाडी ओलांडणारे त्याचे विमान त्याच शहरातील एका संग्रहालयात जतन केलेले आहे.

याच खाडीच्या काठी आर्देलो या गावी ब्लेरिओचे एक घर होते. जवळच मुंबईच्या टाटा कुटुंबाचेही उन्हाळी घर होते. ब्लेरिओची विमाने तेथील वाळूवर उतरत असत आणि टाटांचा लहानगा जहांगीर ती टक लावून पाही. पंधराव्या वर्षी तेथेच तो प्रथम विमानात बसला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्याच जहांगीरने, म्हणजे जे. आर. डी. टाटा यांनी, एका इंजिनाचे लहानसे विमान स्वतः चालवीत कराचीहून टपालाच्या थैल्या मुंबईला जुहू येथे आणून उतरविल्या.