जमशेटजी टाटा: यंत्र आणि माणूस यांची सांगड

भारतीय उद्योगाचे आद्य प्रवर्तक जमशेटजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. प्रारंभीच्या स्वस्त यंत्रांमुळे मालाचा दर्जा घसरला. हा धडा घेऊन त्यांनी उत्तम यंत्रसामग्री आणली. लँकेशायरचे गिरणीमालक साशंक असतानाच रिंग चात्यांचा प्रयोग यशस्वी केला. मात्र, कामगारांची गैरहजेरी कायम होती. त्यावर दंडापेक्षा बक्षिसे आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, हा मार्ग जमशेटजींनी निवडला. कामगार टिकले, गिरणी भरभराटीस आली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. केवळ यंत्राने दर्जा सुधारत नाही, हे त्यांनी नागपुरात सिद्ध केले होते.